आधी सव्वीस शनिवार, मग राजीनामा: नाशिकमध्ये चाळिशीनंतर समाजकार्याकडे वळताना

सातपूर-अंबडच्या कारखान्यातले सुपरवायझर, बँकेतले अधिकारी, शाळेतल्या शिक्षिका, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा काम शोधणाऱ्या बायका. चाळीस ते पंचावन्न वयात समाजकार्यात यायचं ठरवणारे बहुतेकजण पहिला प्रश्न पदवीचा विचारतात: एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) कुठे होतं, किती वर्षं लागतात, फी किती. खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: ज्या लोकांसोबत काम करायचं आहे त्यांच्यात तुम्ही सहा महिने नेमाने गेला आहात का? दुसरा: पगार थांबला तर घर किती महिने चालेल? या दोन्हींची उत्तरं हातात असली तर पदवीचा निर्णय सोपा होतो. ती नसताना घेतलेला प्रवेश बऱ्याचदा पहिल्या सत्रातच सुटतो. म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे.

सव्वीस शनिवार

सहा महिने, आठवड्यातून एक दिवस, एकच जागा. आज वृद्धाश्रम, पुढच्या आठवड्यात वस्तीशाळा, नंतर नदीस्वच्छता असं फिरून काहीच हाती लागत नाही. लोक तुम्हाला ओळखायला लागतात ते साधारण दहाव्या-बाराव्या भेटीनंतर, आणि शिकायला सुरुवातही तिथूनच होते.

जागा निवडताना नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. शहरात रुग्णालयं, झोपडपट्ट्या, व्यसनमुक्तीचं काम, ज्येष्ठांचं काम आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी, कळवण या भागांत आदिवासी पाडे, आश्रमशाळा आणि वनहक्काचे प्रश्न आहेत. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि जिल्ह्यात नाशिक व कळवण असे दोन एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आहेत, त्यामुळे या क्षेत्रात शिकण्यासारखं खूप आहे. मालेगावात यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. तिथे उर्दू थोडीफार समजली पाहिजे. बागलाण-मालेगाव पट्ट्यात अहिराणी, पेठ-सुरगाण्यात कोकणा आदिवासींची कोकणी बोली कानावर पडते. प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की समोरची बाई "हो" म्हणते आणि गप्प बसते. त्या "हो"वर विसंबून अहवाल लिहू नका.

अंतराचा विचार प्रामाणिकपणे करा. त्र्यंबक तीस किलोमीटरच्या आत आहे, पेठ साधारण पंचावन्न, मालेगाव शंभरच्या वर. पाड्यावर जायचं तर तालुक्याच्या गावापासून पुढचा रस्ता वेगळा मोजावा लागतो आणि संध्याकाळची परतीची एसटी चुकली तर मुक्काम. घरी लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील तर पहिले सहा महिने शहरातलीच जागा घ्या.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे नवख्यांचे महिने वाया जातात. पेठ-सुरगाण्यातली बरीच कुटुंबं भातकापणी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. जानेवारीत पाड्यावर महिलांचा गट बांधायला गेलात तर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली मुलं भेटतील. मग "लोकांना रस नाही" असा निष्कर्ष वहीत उतरतो आणि तो साफ चुकीचा असतो. पाड्यावरचं काम पावसाळ्यात आणि होळीनंतर. हिवाळ्यात काम करायचं असेल तर बागेवरच्या मुक्कामावर जा. तिथे मुलांची शाळा, पिण्याचं पाणी, उचल आणि तिचा हिशेब, गरोदर बायकांची नोंदणी असे प्रश्न समोरच दिसतात.

संस्था निवडताना धर्मादाय नोंदणी क्रमांक विचारा, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नाव शोधा, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल पाहायला मागा. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. पहिल्याच दिवशी देणगी मागणारी किंवा मुलांसोबत फोटो काढायला लावणारी संस्था टाळा. आणि एक अट घाला: महिन्यातून एक तास तिथल्या अनुभवी कार्यकर्त्याने तुमच्याशी बसून बोलायचं. या तासाशिवाय सव्वीस शनिवार म्हणजे नुसती ये-जा.

बालगृहात किंवा निरीक्षणगृहात (कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात तिथे) काम करायची इच्छा असेल तर थेट दारात जाऊन उपयोग नाही. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाची परवानगी लागते, पोलीस पडताळणी मागितली जाऊ शकते. यात महिना-दोन महिने जातात हे धरून चाला.

राज्य सरकारची कार्यालयं शनिवारी बंद असतात. तहसील, समाजकल्याण, प्रकल्प कार्यालय पाहायची तर सहा महिन्यांत पाच-सहा रजा बाजूला काढून ठेवाव्या लागतील.

या शनिवारांत नेमकं काय करायचं

पहिले चार शनिवार फक्त बघा आणि वहीत वस्तीचा नकाशा काढा. रेशन दुकान कुठे आणि कोणत्या दिवशी उघडतं, अंगणवाडी किती वाजता भरते, आशाताई कोण, पाणी कधी येतं, लोक कोणत्या डॉक्टरकडे जातात, उधारी कोण देतं, दारू कुठे मिळते, बायका एकत्र कुठे बसतात. कोणाला काहीही शिकवू नका.

पाचव्या शनिवारपासून एक काम हातात घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या. आमच्या मते नवख्यासाठी सर्वात उत्तम शाळा म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा एक अर्ज. समजा, अर्जदार पासष्टच्या आतली विधवा महिला आहे. महिना १,५०० रुपये मिळणार. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं आणि राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य हवं. कागदावर सोपं दिसतं. मग अडचणी सुरू होतात.

पतीच्या मृत्यूची नोंदच झालेली नसते. मृत्यूला वर्ष उलटून गेलं असेल तर मृत्यू प्रमाणपत्रासाठीच वेगळी प्रक्रिया लागते. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. उत्पन्नाचा एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला अर्ज तपासणीला येईपर्यंत जुना झालेला असतो. तो एप्रिलमध्ये काढावा. अर्ज मंजूर होतो आणि तरी पैसे येत नाहीत, कारण अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात जातं आणि ते जोडलेलं खातं भलतंच असतं: चार वर्षांपूर्वी गॅस अनुदानासाठी उघडलेलं, पासबुक हरवलेलं. बँकेत जाऊन "केवायसी झालं का" एवढंच विचारलं तर "झालं" असं उत्तर मिळतं. प्रश्न असा विचारायचा: थेट लाभ हस्तांतरणासाठी आधार सध्या कोणत्या बँकेच्या खात्याला सीड (म्हणजे जोडलेलं) आहे?

हा एक अर्ज पूर्ण केला की सेतू केंद्र, तलाठी, तहसील, बँक आणि त्या बाईचं आयुष्य, या सगळ्यांची साखळी तुम्हाला समजते. अर्ज तुम्ही भरून देऊ नका. तिच्यासोबत रांगेत उभे राहा आणि प्रत्येक खिडकीवर तिला बोलू द्या. वेळ दुप्पट लागेल, पण पुढच्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला ती एकटी जाईल.

शेवटच्या आठ-दहा शनिवारांत एक छोटा गट चालवा: किशोरींचा, अभ्यासाचा, ज्येष्ठांचा, काहीही. एकच वेळ, एकच जागा. दोनदा तुम्ही आला नाहीत तर गट मोडेल, आणि तुमचं शब्दाला जागणं किती टिकतं हे तुम्हालाच कळेल.

चाळिशीत येणाऱ्यांच्या हमखास चुका

वयामुळे येणारी सर्वात मोठी अडचण म्हणजे उत्तर पटकन देण्याची सवय. वीस वर्षं ज्यांनी कामगारांना सूचना दिल्या, वर्ग सांभाळला, फाइली निकाली काढल्या, त्यांना समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की लगेच सल्ला सुचतो. व्यक्तिसहाय्य कार्यात, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या मदतीच्या कामात, तो सल्ला गिळावा लागतो. पहिल्या भेटीत "तुम्ही असं करा" हे वाक्य एकदाही यायला नको, एवढा नेम धरा.

दुसरी चूक खिशातून पैसे देणं. मन हेलावतं आणि पाचशेची नोट निघते. पुढच्या शनिवारी तुमच्याकडे बघण्याची नजर बदललेली असते, शेजारच्या घरात कुजबुज सुरू होते आणि संस्थेच्या कार्यकर्त्याला ते निस्तरत बसावं लागतं. तातडीची गरज असेल तर संस्थेच्या पद्धतीने, संस्थेच्या पावतीवर मदत द्या.

तिसरी चूक, आश्वासन. "मी बघतो" हे नाशिककरांचं सहज निघणारं वाक्य आहे. वस्तीत त्याचा अर्थ "काम झालं" असा घेतला जातो.

चौथी जरा नाजूक आहे. तुमचा पर्यवेक्षक सत्तावीस वर्षांचा असेल. तो तुम्हाला काका किंवा मॅडम म्हणेल आणि तुमचा अहवाल परत लिहायला सांगेल. आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाकडून शिकणं ज्यांना जमत नाही त्यांनी हा निर्णय आताच तपासून घ्यावा, कारण दोन वर्षं आणि त्यानंतरची पहिली नोकरी याच नात्यात जाणार आहे.

घरचा हिशेब

पूर्णवेळ एमएसडब्ल्यू दोन वर्षांची. त्यानंतर नोकरी मिळेपर्यंत काही महिने. म्हणून तीस महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा किंवा घरात दुसरं नियमित उत्पन्न हवं. कर्जाचे हप्ते, मुलांच्या फिया, आई-वडिलांची औषधं वेगळी मांडा. सुरुवातीचा पगार आताच्या निम्मा किंवा त्याहून कमी असू शकतो, तेव्हा शिक्षणाचा खर्च आणि पुढची दहा वर्षांची कमी मिळकत असे दोन्ही आकडे कागदावर लिहून जोडीदारासमोर ठेवा. हे बोलणं एका संध्याकाळीत उरकू नका.

राजीनाम्याची तारीख ठरवताना तीन गोष्टी पाहा. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. चार-दोन महिने कमी पडत असतील तर थांबा. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. ती पूर्ण होत आली असेल तर पेन्शनचे पैसे काढून घेण्याची घाई करू नका, योजना प्रमाणपत्र घेऊन सेवा पुढे जोडता येते. तिसरी गोष्ट आरोग्य विम्याची. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि चाळिशीत मधुमेह-रक्तदाब अनेकांना गाठतो.

शिक्षण कुठे, कोणतं

एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.कॉम., बी.ई., बी.एस्सी. कृषी, सगळे येतात. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि १९३६ साली सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था आहे, पण घर नाशिकमध्ये असताना बाहेर दोन वर्षं काढणं मध्यमवयात जड जातं. शिवाय तुम्हाला काम जिथे करायचं आहे तिथली कार्यालयं, तिथली माणसं शिकतानाच ओळखीची होणं फार मोलाचं असतं.

नोकरी सोडणं शक्य नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची दूरस्थ एमएसडब्ल्यू आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. तिथेही क्षेत्रकार्य (वस्तीत किंवा संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) सक्तीचं आहे, त्यामुळे "घरबसल्या पदवी" असं समजून जाऊ नका. दुसरं कुठलंही दूरस्थ केंद्र एमएसडब्ल्यू देतो म्हणालं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या मान्यताप्राप्त यादीत तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष दोन्ही आहेत का ते स्वतः तपासा. पदवीच नसेल तर नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी करत बी.ए. पूर्ण करणं हा चांगला पाया आहे.

मानसिक आरोग्याकडे ओढा असेल तर एक बाब आधीच समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार "मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता" म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूच्या पुढे त्या विषयातलं एम.फिल. लागतं. नुसत्या तीन महिन्यांच्या समुपदेशन प्रमाणपत्रावर रुग्णालयातल्या त्या पदाला अर्ज करता येत नाही.

कागदपत्रं प्रवेशाच्या चार महिने आधी काढा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी, मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत विद्यापीठातून मिळायला कित्येक आठवडे जातात. जुन्या गुणपत्रिकेवर "पुणे विद्यापीठ" असेल तर घाबरू नका; नाव २०१४ मध्ये बदललं.

दिवाळीनंतर शनिवार सुरू केले तर ते अक्षय्य तृतीयेच्या आसपास पूर्ण होतात आणि जून-जुलैच्या प्रवेशाला तुम्ही तयार असता. कार्यालयाचा नोटीस कालावधी यातच बसवा.

क्षेत्रकार्य आणि अहवाल

पूर्णवेळ अभ्यासक्रमात आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रकार्याचे. त्याशिवाय ग्रामीण शिबिर आणि शेवटी सलग काही आठवड्यांचं काम. परीक्षेपेक्षा इथेच माणूस घडतो, आणि मध्यमवयीन विद्यार्थी इथेच अडखळतो ते लिहिण्यापाशी. कार्यालयीन टिपण लिहिणाऱ्याला वाटतं की अहवाल लिहिणं आपल्याला येतंच. हे लिखाण मात्र पूर्ण निराळं असतं.

गृहभेटीनंतर चोवीस तासांत लिहायचं. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, भेटीचा हेतू. मग घडलेलं जसंच्या तसं, समोरच्याच्या शब्दांत. मग तुम्हाला काय वाटलं ते, वेगळ्या परिच्छेदात. शेवटी तुमचं विश्लेषण आणि पुढचं पाऊल.

"आई निष्काळजी वाटली, घर अस्वच्छ, मुलगा शाळेत जात नाही" हे वाक्य पर्यवेक्षक खोडेल आणि बरोबर खोडेल. त्याऐवजी: "सकाळी ११ वाजता भेट. एका खोलीत पाच माणसं. मुलगा धाकट्या बहिणीला सांभाळत होता. आई म्हणाल्या, 'मी पहाटे साडेपाचला बागेवर जाते, हिला कुठं ठेवू?' जवळच्या अंगणवाडीत मुलीचं नाव नोंदवलेलं नाही." दुसऱ्या नोंदीत पुढचं काम आपोआप दिसतं: अंगणवाडीत नोंदणी. पहिल्या नोंदीत फक्त दोषारोप आहे, आणि उद्या बाल कल्याण समितीसमोर (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर) तो कागद गेला तर त्या आईचं नुकसान होऊ शकतं.

नाव-गाव सांकेतिक लिहा, वही घरात उघडी ठेवू नका, वस्तीतला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. हे शिष्टाचाराचे नियम आहेतच, पण कायद्याचेही आहेत. पोक्सो कायद्यानुसार (२०१२) बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे आणि पीडित बालकाची ओळख उघड करणं हाही. बाल न्याय कायद्यानुसार (२०१५) एकटं सापडलेलं मूल चोवीस तासांत यंत्रणेपर्यंत पोहोचवावं लागतं. "आधी घरच्यांशी बोलून बघू" असा मोठेपणा इथे करू नका. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक फोनमध्ये पहिल्याच दिवशी साठवा.

अभ्यासक्रमात व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन यांच्यासोबत सामाजिक कृतीही, म्हणजे हक्कांसाठी संघटित लढा देणंही, शिकवतात आणि ती विद्यार्थ्यांना पुस्तकी वाटते. नाशिककरांना तसं वाटायचं कारण नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो इथे वर्षानुवर्षं चालवला. सत्याग्रहींची तयारी, गावोगावचा संपर्क, वाटाघाटी, मार खाऊनही टिकून राहणं हे सगळं संघटन म्हणून अभ्यासा. जातीचा प्रश्न टाळून या जिल्ह्यात एकही काम धड होत नाही.

नोकरी

राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं आहे. म्हणजे समाजसेवा अधीक्षकासारखी कायम पदं बहुतेकांच्या हातून गेलेली असतात. हे प्रवेश घेण्याआधी माहीत असायला हवं. कंत्राटी पदांच्या अटी प्रत्येक जाहिरातीत वेगळ्या असतात. प्राध्यापक व्हायचं असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेला वयाची अट नाही, मात्र पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात.

उरतात स्वयंसेवी संस्था, खासगी व धर्मादाय रुग्णालयं, शाळा आणि कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) प्रकल्प. इथे तुमचं जुनं काम कामाला येतं. हिशेब येणाऱ्या माणसाला उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला निधी कुठे खर्च झाला याचा दाखला) बनवता येतं, उत्पादन विभागातल्या माणसाला वेळापत्रक आणि साठा कळतो, शिक्षिकेला गट सांभाळता येतो. अर्जात जुना हुद्दा मोठ्या अक्षरात लिहिण्यापेक्षा "१४ गृहभेटी, ६ अर्ज मंजुरीपर्यंत, एक किशोरी गट ३२ बैठका" असा क्षेत्रकार्याचा हिशेब लिहा.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे, नंतर माझं काय, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, प्रवासभत्ता किलोमीटरवर की ठरावीक, रात्रीच्या भेटींना सोबत कोण असतं. बऱ्याच नेमणुका वर्षाच्या असतात आणि मार्चअखेर निधी आला नाही की एप्रिल-मे बिनपगारी जातात. त्या दोन-तीन महिन्यांची तजवीज कायम बाजूला ठेवावी लागते.

पदवी घेतल्या घेतल्या स्वतःची संस्था काढण्याचा मोह होतो, विशेषतः ज्यांच्याकडे निवृत्तीचे पैसे आहेत त्यांना. विश्वस्त मंडळ, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, आयकर सवलतीसाठीच्या १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआर निधीसाठी वेगळी नोंदणी यांतच पहिली दोन वर्षं जातात आणि वस्तीत जायला वेळ उरत नाही. किमान तीन वर्षं दुसऱ्याच्या संस्थेत काम करा. तोवर ज्या वस्तीत सव्वीस शनिवार घालवले तिथे जाणं मात्र सोडू नका. तिथली ती बाई पुढच्या वर्षीचा हयातीचा दाखला घेऊन तहसीलच्या कोणत्या खिडकीवर अडली, हे तुम्हाला तिथूनच कळणार आहे.